सहा आणि सात नंबरची माणसं: जुन्या स्पीडवे प्रोग्रॅमांतली अनोळखी नावं

प्रश्न असा आला आहे. इंग्लंडमध्ये केंटला राहणाऱ्या एका वाचकाला कार बूट सेलमध्ये (गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकायचा बाजार) जुन्या स्पीडवे प्रोग्रॅमांचं, म्हणजे मोटारसायकल शर्यतींच्या सामन्यांच्या छापील पुस्तिकांचं, एक खोकं मिळालं. साल १९६८ ते १९७५, बहुतेक कॅंटरबरी, क्रेफर्ड आणि रॉमफर्ड इथले. मधल्या पानावर कुणीतरी पेन्सिलीने आकडे आणि अक्षरं भरली आहेत. आयव्हन मॉगर, बॅरी ब्रिग्ज या विश्वविजेत्यांची माहिती हवी तितकी मिळते, पण या खोक्यातली निम्मीअधिक नावं शोधूनही सापडत नाहीत. ते विचारतात, ही माणसं कोण होती, त्यांचा माग कसा काढायचा, आणि इतकी सुमार होती तर लीगमध्ये त्यांना घेत कशाला होते?

शेवटचा प्रश्न आधी घेतो, कारण तो मला जरा टोचला. मी काही हंगाम पिट्समध्ये (ट्रॅकशेजारी मशीन ठेवायची-दुरुस्त करायची जागा) हरकाम्या म्हणून काढले आहेत, आणि त्यानंतर बरीच वर्षं ब्रिटिश लीगच्या दुसऱ्या विभागाच्या नोंदी जुळवत आलो आहे. लीग चालवली ती याच माणसांनी, असं माझं मत आहे आणि ते आकड्यांवर उभं आहे.

खेळ माहीत नसलेल्यांसाठी एवढंच सांगतो. अंडाकृती ट्रॅक, त्यावर विटकरी रंगाचा दगडी चुरा, चार रायडर, चार फेऱ्या, सगळी वळणं डावीकडे. मोटारसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर चालणारी. गिअर एकच आणि ब्रेक नाहीच. वळणावर मागचं चाक घसरवत न्यायचं आणि डाव्या पायाच्या बुटाखाली बांधलेला पोलादी तळ जमिनीला टेकवून तोल सांभाळायचा. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. प्रत्येक हीटमध्ये, म्हणजे एका शर्यतीत, दोन संघांचे दोन-दोन रायडर. तुमच्या खोक्यातल्या काळात संघ सात जणांचा असे आणि सामना १३ हीटचा. म्हणजे एकूण ७८ गुण आणि जिंकायला ४०.

आता हिशेब करा. संघाचा एक नंबरचा रायडर त्याच्या चारही हीट जिंकला तरी त्याचे गुण १२. उरलेले २८ आणायचे कुणी? दोन-तीन चांगले रायडर असले तरी ते एकमेकांचे गुण खातात, कारण समोरच्या संघाचेही तगडे रायडर त्यांच्याच हीटमध्ये असतात. फरक पडायचा तो सहा आणि सात नंबरवर. दुसरी हीट ही राखीवांची, दोन्हीकडचे सहा आणि सात. तिथे ५-१ मिळाले की घरच्या मैदानावर चार गुणांची आघाडी, आणि समोरच्या व्यवस्थापकाच्या कपाळावर आठी. कित्येक सामने ४०-३८ असे सुटले आहेत. असा सामना तुमच्या खोक्यात सापडला तर आधी दुसरी हीट बघा. सामना तिथेच फिरलेला दिसण्याची शक्यता बरीच आहे.

ही माणसं आली कुठून, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. १९५०च्या दशकाच्या शेवटी ब्रिटनमधला स्पीडवे मरायला टेकला होता. १९६० साली दहा संघांची प्रोव्हिन्शियल लीग सुरू झाली ती निवृत्त रायडर आणि कोरी पोरं यांच्या जिवावर. १९६४ साली तर ही लीग नियामक मंडळाशी भांडून परवान्याशिवाय चालली. भांडणाचं मूळ वुल्व्हरहॅम्प्टन. १९६३ची विजेती ही टीम वरच्या लीगमध्ये जाऊ इच्छित नव्हती. त्या एका हंगामात तिथल्या रायडरांना जागतिक स्पर्धेचे दरवाजे बंद होते, म्हणून जुन्या अधिकृत तक्त्यांत त्यांची नावं अचानक गायब दिसतात. पुढे १९६५मध्ये दोन्ही लीग एकत्र होऊन १८ संघांची ब्रिटिश लीग झाली. पण मग नवशिक्यांना जागाच उरली नाही. म्हणून १९६८मध्ये दहा संघांचा दुसरा विभाग निघाला. बेल व्यू कोल्ट्स, नॉटिंगहॅम, मिडल्सबरो, क्रेफर्ड, रेली, रेडिंग, कॅंटरबरी, प्लिमथ, वेमथ, बेरिक. तुमचं खोकं नेमकं या क्षणापासून सुरू होतं. हेवा वाटावा असं खोकं आहे.

आता पेन्सिल. छापलेल्या नावापेक्षा पेन्सिलीतलं नाव जास्त खरं, हे आधी लक्षात ठेवा. प्रोग्रॅम सामन्याच्या काही दिवस आधी छापून यायचा. तोवर कुणाचा गळपट्टीचं हाड मोडलेलं, कुणाची व्हॅन रस्त्यात बंद पडलेली. मग छापलेलं नाव खोडून वर दुसरं लिहिलं जाई. कधी तो दुसऱ्याच क्लबचा पाहुणा रायडर असतो, कधी स्टँडवर वडिलांबरोबर आलेला आणि बुटं गाडीत ठेवलेला एखादा शिकाऊ पोरगा. माझ्या यादीतल्या कित्येक रायडरांची लीगमधली अख्खी कारकीर्द अशाच खोडलेल्या नावावर लिहिलेल्या दोन शब्दांत आहे.

अक्षरं सोपी आहेत. इंग्रजी एफ म्हणजे पडला, आर म्हणजे मशीन बंद पडून किंवा स्वतःहून थांबला, ई किंवा एक्स म्हणजे पंचांनी बाद केला, एन म्हणजे सुरुवातच केली नाही. नावाच्या जागी दोन वेळा आर आणि मध्ये तिरकी रेघ असेल तर तो रायडर जायबंदी होता आणि त्याच्या हीट संघातल्या इतरांनी वाटून घेतल्या. आकड्याच्या डोक्यावर रेघ किंवा फुली असेल तर तो बोनस गुण. आपल्याच जोडीदाराच्या लगेच मागे आणि निदान एका प्रतिस्पर्ध्याच्या पुढे राहिलं की तो मिळतो. संघाच्या गुणांत तो धरत नाहीत, रायडरच्या खिशात आणि सरासरीत धरतात. म्हणून ‘५+२’ असं दिसलं की पाच गुण मिळवले, पैसे सातचे मिळाले, असं वाचायचं.

सरासरी काढायची रीत अशी: गुण अधिक बोनस, गुणिले चार, भागिले एकूण हीट. समजा ३० हीटमध्ये ३८ गुण आणि ७ बोनस, तर ४५ गुणिले ४, भागिले ३०, म्हणजे ६.००. जुन्या वार्षिक तक्त्यांत हाच आकडा नावापुढे असतो आणि लोक त्यावरून माणसाची किंमत करतात. इथे सांभाळा. दोन नंबरचा रायडर पहिल्याच हीटमध्ये समोरच्या एक नंबरच्या गळ्यात बांधला जातो; सात नंबरवाला निदान एका हीटमध्ये तरी बरोबरीच्यांशी लढतो. दोन नंबरवर ४.५० काढणारा आणि राखीव म्हणून ५.५० काढणारा यांत मी पहिल्याला डोळे झाकून घेईन. शिवाय काही जण घरच्या ट्रॅकवर वाघ आणि बाहेर शेळी. तुमच्याकडे फक्त घरच्या सामन्यांचे प्रोग्रॅम असतील तर चित्र फुगलेलं दिसणारच.

‘स्टार’ आणि ‘सुमार’ यांतली भिंत किती पातळ होती याचा सगळ्यात चांगला पुरावा दुसऱ्या विभागाच्या वैयक्तिक अजिंक्यपदाची यादी. ही स्पर्धा तेव्हा लंडनमध्ये व्हायची. १९६८ला मिडल्सबरोचा ग्रॅहम प्लांट, १९६९ला क्रेफर्डचा जेफ अॅम्ब्रोझ, मग ईस्टबोर्नचा डेव्ह जेसप, इप्सविचचा जॉन लुईस, क्रूचा फिल क्रम्प. १९७३ आणि १९७४ला बॉस्टनचे (इंग्लंडमधलंच) आर्थर प्राइस आणि कार्ल ग्लोव्हर, १९७५ला पुन्हा क्रेफर्ड, लॉरी एथरिज. यातले जेसप, लुईस, क्रम्प ही नावं स्पीडवे पाहणाऱ्या कुणालाही विचारा, सांगतील. लुईस १९७५च्या वेम्ब्लीच्या जागतिक अंतिम फेरीत तिसरा आला. क्रम्पचा मुलगा जेसन तीनदा विश्वविजेता झाला. पण अॅम्ब्रोझ, प्राइस, ग्लोव्हर? त्यांनीही तोच चषक उचलला, तितक्याच चांगल्या रायडरांना मागे टाकून. आज त्यांची नावं त्यांच्या जुन्या गावांबाहेर फार कुणी घेत नाही. प्रोव्हिन्शियल लीगमध्येही तेच. १९६१चा अजिंक्य रायडर रेलीचा रेग रीव्ह्ज. १९६३ आणि १९६४चा मॉगर. मॉगर सहा वेळा विश्वविजेता झाला, रीव्ह्ज आठवायला आता माझ्यासारखी खोकी उपसणारी माणसं लागतात.

आणि खुद्द मॉगरचं काय? १९५७ला तो न्यूझीलंडहून विंबल्डनला आला तेव्हा विशीतही नव्हता. स्टेडियममध्ये पडेल ते काम करायचा आणि मुख्य सामना संपल्यावरच्या शर्यतींत मिळेल ती संधी घ्यायचा. जमलं नाही, परत गेला. १९६३ला न्यूकॅसलने बोलावलं म्हणून दुसऱ्यांदा आला. समजा ते बोलावणं आलंच नसतं, तर तुमच्या प्रश्नातल्या ‘कुठेच न सापडणाऱ्या’ यादीत तोही असता.

वर ‘मुख्य सामना संपल्यावरच्या शर्यती’ म्हणालो त्या तुमच्या प्रोग्रॅममध्ये मागच्या पानांवर असतील. त्याला ‘सेकंड हाफ’ म्हणत. तेरा हीट झाल्या, मध्यंतर झालं, बरेच लोक चहा किंवा बिअरकडे वळले, आणि मग शिकाऊ पोरांच्या तीन-चार शर्यती. संग्राहक ही पानं उलटून पुढे जातात. मी उलट करतो. दुसऱ्या विभागातला जवळजवळ प्रत्येक रायडर आधी या पानांवर दिसतो, आणि जे पुढे कधीच संघात आले नाहीत ते फक्त इथेच दिसतात. काही वेळा नुसतं आडनाव, त्यातही स्पेलिंग चुकलेलं. तुमच्या खोक्यात खरा खजिना हा आहे.

नावांचा घोळ वेगळाच. स्पीडवे हा घराण्यांचा खेळ, त्यामुळे एकाच आडनावाचे तीन-चार जण सहज. पीटर कॉलिन्स १९७१ला रॉचडेलकडून दुसऱ्या विभागात आला आणि १९७६ला विश्वविजेता झाला. त्याचे लेस, फिल, नील आणि स्टीफन हे भाऊही रायडर. म्हणजे ‘पी. कॉलिन्स’ दिसलं की आधी साल बघायचं, पीटर की फिल ते त्यावरून ठरतं. न्यूकॅसलचे टॉम आणि जो ओवेन भाऊ. गॉर्डन केनेट १९७८ला जगात दुसरा आला, पण तुमच्या कॅंटरबरीच्या प्रोग्रॅममध्ये जो केनेट सारखा दिसेल तो बार्नी, त्याचा भाऊ. एथरिजच्या बाबतीत आणखी एक गंमत. क्रेफर्डचा ट्रॅक १९७० संपता संपता बंद झाला आणि १९७५ला पुन्हा उघडला. दोन्ही काळांत तो तिथे दिसतो. मधले चार हंगाम त्याला क्रेफर्डच्या कागदांत शोधाल तर हाती काही लागणार नाही.

क्लबांचं हे उघडणं-मिटणं रायडरांचा माग काढताना सगळ्यात जास्त छळतं. १९७०च्या हंगामात नेल्सनचा संघ मध्येच उठून ब्रॅडफर्डला गेला. रॉमफर्डची कथा तर ऐकण्यासारखी आहे. शेजाऱ्यांनी आवाजाविरुद्ध तक्रार केली, प्रकरण कोर्टात गेलं, १९७१ नंतर तिथला स्पीडवे संपला. संघाने बॉम्बर्स हे नाव तसंच ठेवून १९७२ला वेस्ट हॅमच्या कस्टम हाऊस स्टेडियममध्ये बस्तान मांडलं. काही आठवड्यांतच ते स्टेडियमही विकासकांच्या घशात गेलं. मग हंगामातली जागा बॅरोने घेतली, इंग्लंडच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि संघाचं नाव होतं ‘हॅपी फेसेस’. लंडनजवळ दिवसा नोकरी करणाऱ्या सात नंबरच्या पोराने आता काय करावं? काही जण दुसऱ्या क्लबात गेले. काही जणांनी हेल्मेट खुंटीला टांगलं, आणि नोंदींत ते तिथेच थांबतात. ‘कारकीर्द का संपली’ याचं उत्तर बऱ्याचदा अपघातात किंवा कौशल्यात नसतं, घर ते ट्रॅक या अंतरात असतं.

पैशांचंही तसंच. दुसऱ्या विभागात पगार नव्हता. हीट सुरू केल्याचे थोडे आणि मिळवलेल्या गुणामागे थोडे, एवढीच कमाई. मशीन स्वतःची, टायर स्वतःचा, इंधन आणि व्हॅनचं पेट्रोल स्वतःचं. आठवडाभर गॅरेजमध्ये नाहीतर शेतावर काम करायचं, संध्याकाळी व्हॅनमध्ये मशीन चढवायची. तो काळ इंजिन बदलण्याचाही होता. वरचे रायडर चेकोस्लोव्हाकियाच्या ईसो आणि जावावर गेले होते, आणि त्यांनी टाकलेली टॉटनहॅमची जुनी जेएपी इंजिनं खालच्या पोरांकडे स्वस्तात यायची. जेएपी चिडकं इंजिन. नीट जुळलं तर गाणं गाईल, नाही तर तिसऱ्या फेरीत थुंकून बंद. म्हणून एखाद्या नावापुढे लागोपाठ ‘आर’ दिसले तर रायडरला नावं ठेवण्याआधी त्याच्या बुडाखाली काय होतं याचा विचार करा. मोटारसायकलच्या चौकटी बनवणारे बरेच जण स्वतः रायडर होते. आल्फ हॅगन त्यातला एक; हॅरिंगेकडून स्पीडवे खेळलेला, पुढे १९६८ला सरळ रेषेत ताशी २०० मैलांच्या वर गेलेला. एनफिल्डवाल्या वाचकांनी हे आडनाव शॉक अॅब्सॉर्बरवर वाचलं असेल, ते याचंच.

आता तुमच्या कॅंटरबरीच्या १९७०च्या प्रोग्रॅमांकडे या. जुलैच्या सुरुवातीपर्यंत मार्टिन पिडॉक हे नाव येईल आणि मग येणार नाही. कॅंटरबरीने त्या वर्षी दुसऱ्या विभागाचं विजेतेपद मिळवलं, पण त्या आनंदात तो नव्हता. १४ जुलै १९७०ला हॉलंडच्या दौऱ्यावरून परतणाऱ्या रायडरांच्या मिनीबसला बेल्जियममध्ये लोकेरेन इथे अपघात झाला. पिडॉक, पीटर ब्रॅडशॉ, माल्कम कारमायकल आणि गॅरी एव्हरेट हे रायडर गेले, आणि वेस्ट हॅमचा व्यवस्थापक फिल बिशपही. बिशप १९३०च्या दशकातला हाय बीच ट्रॅकचा रायडर. इतका पडायचा की ‘धडकांचा राजा’ म्हणून ओळखला जायचा, आणि त्या सगळ्या धडकांतून तो वाचला होता. कॉलिन प्रॅट जिवंत राहिला पण मानेच्या दुखापतीने त्याचं खेळणं संपलं. पुढे क्रॅडली हीथ आणि कॉव्हेंट्रीचा नामांकित व्यवस्थापक झाला. ट्रॅकवरचे मृत्यूही झाले. वुल्व्हरहॅम्प्टनला १९७५च्या ऑक्टोबरमध्ये गॅरी पीटरसन, हॅकनीला १९७९च्या जूनमध्ये व्हिक हार्डिंग. जायबंदी रायडरांसाठी स्पीडवेचा स्वतःचा मदतनिधी आहे, आणि आजही सामन्यांत त्यासाठी डबे फिरतात.

शोधायची रीत मी अशी वापरतो. नावावरून सुरुवात करत नाही. आधी तारीख आणि दोन्ही संघ, मग नंबर, मग त्याच आठवड्यातला समोरच्या क्लबचा प्रोग्रॅम, कारण परतीचा सामना बहुधा जवळपासच असतो आणि दोन ठिकाणी स्पेलिंग वेगळं सापडतं. मग स्थानिक वर्तमानपत्र. ‘स्पीडवे स्टार’ हे साप्ताहिक १९५२पासून निघतं आणि निकालांसाठी त्याला तोड नाही, पण सात नंबरच्या पोराबद्दल त्यात एखादी ओळ असेल. त्याच्या गावच्या साप्ताहिकात मात्र ‘आपल्या इथला गवंडी शुक्रवारी पहिल्यांदा कॅंटरबरीकडून उतरला’ अशा थाटाची बातमी असू शकते, फोटोसकट. ही वर्तमानपत्रं जिल्हा ग्रंथालयांत मायक्रोफिल्मवर असतात, काहींचं डिजिटल रूप वर्गणी भरून पाहता येतं. हर्टफर्डशायरमधल्या ब्रॉक्सबर्नला प्राणिसंग्रहालयाच्या आवारात स्पीडवेचं राष्ट्रीय संग्रहालय २००७ला उघडलं होतं; जाण्याआधी ते चालू आहे का याची चौकशी करा. जागा विचित्र वाटेल, पण अशा ठिकाणी भेटणाऱ्या जुन्या माणसांकडे कागदांपेक्षा जास्त असतं. त्यांना ‘अमुक रायडर आठवतो का’ असं विचारू नका. मधलं पान समोर ठेवा आणि सातवी हीट कशी झाली ते विचारा. नाव आपोआप येतं, सोबत त्याच्या मेकॅनिकचंही येतं.

एक पथ्य पाळा. यातले बरेच जण अजून हयात आहेत आणि साधं, खासगी आयुष्य जगतात. कुणी सापडलं तर पत्ता-फोन कुठेही टाकू नका. जुन्या रायडरांच्या संघटनेमार्फत निरोप द्या. बोलायचं असेल तर ते बोलतील.

किमतीचं शेवटी. विक्रेते कोऱ्या प्रोग्रॅमला जास्त आणि पेन्सिलीने भरलेल्याला कमी भाव देतात. मला ते उफराटं वाटतं, पण बाजार तसाच आहे. तेव्हा स्वच्छ करण्याच्या नादात खोडरबर हातात घेऊ नका, चिकटपट्टी तर अजिबात लावू नका. गंजलेल्या पिना काढून प्रत्येक प्रोग्रॅम आम्लमुक्त कागदात ठेवा. आणि खोक्यात १९७२च्या वसंतातले वेस्ट हॅम बॉम्बर्सचे प्रोग्रॅम निघाले तर मधल्या आणि मागच्या पानांचे फोटो मला पाठवा. त्या थोडक्या आठवड्यांतल्या सेकंड हाफच्या नोंदी माझ्याकडे अर्धवट आहेत.